गाडी ठणठणीत होती

विशाखा गेली हे कळायच्या आधी मला तिच्या गाडीचा जॉइंट तुटल्याचं कळलं. फोन तुमसरहून होता, प्रकाशचा. प्रकाश हा तिचा जुना विद्यार्थी, आता स्वतःचं गॅरेज चालवतो. मी ओसरीवर नवे तांदूळ निवडत बसले होते. "बाई, मॅडमच्या गाडीचा मागचा जॉइंट तुटला म्हणून राहिले लोक," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग काय झालं? आणेल ती तुझ्याच गॅरेजात." मग तो म्हणाला, "बाई, मॅडम नाही राहिल्या जी." आधी जॉइंट, मग माणूस. प्रकाशचा यात दोष नाही, त्याला ज्याने सांगितलं त्याने याच क्रमाने सांगितलं असणार. पण त्यानंतर कित्येक आठवडे अख्खा भंडारा तिच्या मरणाची गोष्ट याच क्रमाने सांगत राहिला, आणि माझा सगळा संताप त्या क्रमावर आहे. स्मृतिलेख म्हटला की पुरवणीच्या वाचकांना डोळे पुसायला काहीतरी हवं असतं. तेही मिळेल कदाचित, पण आधी मला भांडायचं आहे.

विशाखाचं आडनाव इथे लिहीत नाही. जिल्ह्यातल्या मोटारवाल्यांना ते लागत नाही, आणि बाकीच्यांना ते फक्त जात कळण्यासाठी हवं असतं. ती भंडाऱ्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या ट्रेडची निदेशक होती, निवृत्त होईपर्यंत. मी शहरातल्याच एका शाळेत मराठी शिकवायची. आमची ओळख झाली ती ग्रीसमुळे. एकाच गल्लीत भाड्याने राहत होतो, आणि एका रविवारी ही बाई कोपरापर्यंत काळे झालेले हात अंगापासून लांब धरून माझ्या दारात उभी. नाव नाही, गाव नाही, एकदम म्हणाली, "जुनं लुगडं आहे का वो? सुतीच पाह्यजे. नायलॉननं ग्रीस निघत नाही." मी लुगडं दिलं. तिने ते माझ्यासमोर टराटरा फाडलं, अर्धं परत दिलं आणि म्हणाली, "हे पुढच्या रविवारी लागेन." त्या अर्ध्या लुगड्यावर आमची मैत्री जमली आणि पुढे आमची घरंही एकमेकींच्या पाठीला पाठ लावून झाली.

आयटीआयमधला तिचा पहिला दिवस ती रंगवून सांगायची. वर्गात शिरली, टेबलावर गिअरबॉक्स ठेवला, आणि मागच्या बाकावरून एक जण अदबीने म्हणाला, "मॅडम, सर केव्हा येतीन?" विशाखा म्हणाली, "सर आले. बस खाली." हे सांगताना ती हसायची, पण मला तेव्हाही हसू यायचं नाही. कारण तोच प्रश्न पुढे दर वर्षी नव्या तुकडीने विचारला, कधी पालकांनी विचारला, एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनीही विचारला. माणसाने किती वेळा 'सर आले' म्हणायचं? तिने लग्न केलं नाही, त्यावरही गावाची मतं होती. त्यांच्यावर वेगळा लेख लिहावा लागेल आणि तो कुठलीही पुरवणी छापणार नाही.

आता गाडीविषयी. तुमसरच्या पुढे मॅंगनीजच्या खाणी आहेत, तिथल्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये तिचे वडील फिटर होते. छप्पन साली धम्म घेतलेल्या पिढीतले, कामाला चोख आणि बोलायला कमी. खाणीवर कुणी एक विलायती इंजिनियर होता, त्याने हौसेने इकडे आणलेली ही दोन सीटची स्पोर्ट्स कार. बुटकी, लांब नाकाची, उघड्या छताची. खाणीच्या रस्त्यावर ती फार दिवस टिकणार नव्हतीच. साहेब परत निघाला तेव्हा गाडी मागच्या चाकांपाशी निकामी होऊन शेडमध्ये पडली होती, भाग मिळत नव्हते. जाताना त्याने ती विशाखाच्या वडिलांना देऊन टाकली, कारण ती मनापासून पुसणारा तो एकच माणूस होता. कागद रीतसर करून दिले. वडिलांनी चार माणसं लावून गाडी ढकलत घरी आणली, आणि वस्तीपर्यंत पोचायच्या आत गावात चर्चा सुरू झाली की यांच्या दारात ही गाडी आली कुठून? कुणीतरी तक्रारही केली. शिपाई येऊन कागद बघून गेला. पुन्हा आला, पुन्हा बघून गेला. विशाखा तेव्हा शाळेत होती. ती म्हणायची, "बाबा काही बोलले नाही. कागद काढून दाखवले, अन् शिपाई गेल्यावर गाडी पुसाले घेतली." त्यानंतर ती गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली, वडील गेले तरी उभीच राहिली, आणि विशाखाला नोकरीत जरा स्वस्थता आली तेव्हा ती भंडाऱ्याला आणून तिने कामाला सुरुवात केली.

वाचकांपैकी ज्यांना मोटारीतलं काही कळत नाही त्यांनी घाबरू नये, मलाही कळत नव्हतं. पण तिच्या शेडमध्ये चहाचा कप घेऊन इतकी वर्षं बसल्यावर काही गोष्टी कानावरून डोक्यात शिरतात. त्या गाडीची मागची चाकं गाडी ढकलतात. इंजिनाचा जोर त्या चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांच्या टोकांना, बनवणाऱ्यांनी जाड रबराच्या चकत्या बसवल्या होत्या. चाक खड्ड्यात गेलं, वर उचललं की रबर वाकणार, अशी कल्पना. कल्पना थंड देशातली. आपल्या मे महिन्यात त्या रबराला भेगा पडायच्या. आणि नवं रबर असलं तरी गाडी निघताना आधी ते ताणलं जायचं, मग एकदम सुटायचं, आणि गाडी हिसका देऊन उडी मारायची. मी एकदा त्या हिसक्यात मांडीवरचा पोह्यांचा डबा अंगावर सांडून घेतला आहे. परदेशातून कुणाकुणाच्या हाती तिने चकत्या मागवल्या. त्या एक उन्हाळा काढायच्या आणि मरायच्या. शेवटची जोडी साकोलीच्या रस्त्यावर फाटली तेव्हा आम्ही दोघी धानाच्या ट्रॅक्टरमागे दोर बांधून घरी आलो. ती उतरली, फाटकं रबर हातात घेऊन म्हणाली, "हे आता पुरे झालं, निमे. याच्यापेक्षा आपली एटहंड्रेड बरी."

एटहंड्रेड म्हणजे ती छोटी देशी मोटार, जी आपल्याकडे एके काळी प्रत्येक मास्तर-डॉक्टरच्या दारात असायची. तिची पुढची चाकं गाडी ओढतात आणि वळतातही, म्हणून तिथे रबर चालत नाही, सीव्ही जॉइंट लागतो. पोलादी वाटी, आत छर्रे, भोवती ग्रीस, वरून रबरी टोपण, त्याला मोटारवाले बूट म्हणतात. दांडी कितीही तिरकी झाली तरी जोर सारखाच पोचतो, ताण नाही, हिसका नाही. आणि भंडाऱ्यात कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात उभ्या उभ्या मिळतो. विशाखाने ठरवलं की हाच जॉइंट त्या विलायती गाडीच्या मागच्या चाकांना लावायचा. बोलायला सोपं आहे. दोन्हींची मापं जुळत नाहीत, भोकं जुळत नाहीत, दांडीची लांबी जुळत नाही. मध्ये बसवायच्या जोडचकत्या तिने आधी पितळेच्या पत्र्यात करून पाहिल्या, कारण भंडाऱ्यात पितळेच्या कारागिराकडून एखादं माप हवं तसं करून घेणं चहा मागवण्याइतकं सोपं. माप चुकलं की पत्रा परत द्यायचा, दुसरा घ्यायचा. पितळेत सगळं जमल्यावर मग पोलादात. चाक फार खाली लोंबलं तर जॉइंट अडकेल, म्हणून तिने चाकाला पट्टे बांधले, ते त्याला ठरावीक मापाखाली जाऊच देत नसत. हे सगळं करताना ती चिडायची, पाने आपटायची, मला उगाच बोलायची, प्रकाशला आणि इतरांना सुट्टीच्या दिवशी बोलावून राबवायची. अहंकार भरपूर होता तिला, हे मेल्यावरही लपवायचं कारण नाही. गाडी पहिल्यांदा हिसका न देता शेडबाहेर निघाली तेव्हा तिने हॉर्न वाजवत अख्ख्या गल्लीला चक्कर मारली आणि समोरच्या घरातले म्हातारे काका दचकून खाटेवरून खाली आले. त्यांची माफीही तिने गाडीत बसूनच मागितली.

त्या जॉइंटवर ती वर्षानुवर्षं फिरली. तुमसर, पवनी, लाखांदूरला माझ्या माहेरी. माझे भाऊ शेतकरी माणसं, त्यांनी गाडीभोवती फिरून पाहिलं आणि "ट्रॅक्टरपेक्षा खाली हाय" एवढाच अभिप्राय दिला. एटीएमच्या रांगेतसुद्धा लोक तिला विचारायचे, "मॅडम, विलायती गाडीले एटहंड्रेडचा जॉइंट?" आणि ती म्हणायची, "मंग? जॉइंटले काय माहीत तो कोणत्या देशात हाय?"

आता त्या सचिव महाशयांकडे येते. नागपूरला जुन्या गाड्यांच्या शौकिनांची एक संस्था आहे. तिचं नाव मी घेणार नाही, त्यांना प्रसिद्धीची आधीच सवय आहे. त्यांच्या मेळाव्याला विशाखा गाडी घेऊन गेली, मी शेजारी, डोक्याला ओढणी बांधून. मैदानात एकाहून एक चकचकीत गाड्या होत्या. सचिव महाशय हातात काठी घेऊन फिरत होते, काठीच्या टोकाला आरसा. आमच्या गाडीपाशी आले, बॉनेट पाहून खूश झाले, सीटांवर हात फिरवला, मग आरसा गाडीखाली घातला. चेहरा बदलला. "मॅडम, हे ओरिजिनल नाही. हेरिटेजची चेष्टा आहे ही. स्पर्धेत घेता येणार नाही." विशाखा म्हणाली, "काहून? चालून तं आली ना जी ती भंडाऱ्याहून? तुमच्या अर्ध्या गाड्या ट्रकवर चढून आल्या." हे खरं होतं. मैदानाच्या मागे ट्रक उभे दिसत होते. त्यांनी आमची गाडी 'इतर वाहने' अशा पाटीखाली, कुल्फीच्या गाड्याशेजारी लावायला सांगितली. विशाखाने मुकाट्याने लावली, दोन कुल्फ्या घेतल्या आणि मेळावा संपेपर्यंत तिथेच बसून राहिली. लहान मुलं सगळी आमच्याकडेच होती. परतताना ती एकदाच बोलली, "शिपाई कागद पाहून गेला होता ना, तसंच वाटलं."

ती गेली ती धान कापणीच्या दिवसांत. सकाळी एकटीच तुमसरकडे निघाली होती, प्रकाशच्या गॅरेजचा वाढदिवस होता म्हणे. गॅरेजचा वाढदिवस, हे खूळही तिचंच. मोहाडीच्या अलीकडे एका मामा तलावापाशी, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या तळ्यापाशी, रस्त्याच्या कडेला ती गेली. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका लिहिला, त्यात कुणालाच शंका नव्हती. पण गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात आली तेव्हा मागच्या एका चाकाचा जॉइंट फुटलेला होता, दांडी लोंबत होती. कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो प्रत्येक फोनवर पोचला, खाली ओळ होती: 'जुगाडाने घेतला शिक्षिकेचा बळी.' शिक्षिका! निदेशकही नाही. मग विद्वान पुढे सरसावले. जॉइंट तुटला, गाडी भरकटली, बाई घाबरली, झटका आला. किराणा दुकानात, बँकेत, भाजीच्या पालापाशी हेच. आयटीआयच्या एका निवृत्त सहकाऱ्याने तर मला रस्त्यात थांबवून सांगितलं, "मी तेव्हाच म्हणालो होतो त्यांना." काहीही म्हणाला नव्हता. तिच्यासमोर त्याच्या तोंडून 'नमस्कार'सुद्धा धड निघत नसे.

विशाखाच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिशरण-पंचशील झालं, भोजनदान व्हायचं होतं, आणि मध्ये, आपल्याकडे असते तशी, आदरांजलीच्या भाषणांची रांग. माइकसमोर जो येईल त्याने बोलायचं. प्रकाश बोलता बोलता रडला आणि खाली बसला. मग सचिव महाशय उठले. नागपूरहून मुद्दाम आले होते, हातात मोठा हार. म्हणाले, मॅडमचा उत्साह फार मोठा, आम्हाला त्यांचा अभिमान, पण ऐतिहासिक वाहनाशी केलेली तडजोड कधी कधी जिवावर बेतते, हा धडा आपण सर्वांनी घ्यावा. तिच्या फोटोसमोर उभं राहून! तिच्या घरात, तिच्या माणसांपुढे, तिला धडा करून! मी उठले आणि माइक हातात घेतला, पण बोलायला माझ्याकडे काय होतं? राग होता, पुरावा नव्हता. मी एवढंच विचारलं, "तुम्ही जॉइंट पाहिला का हो?" ते म्हणाले, "फोटो पाहिलाय." मी माइक ठेवला आणि बसले. आणखी वाईट पुढे होतं. विशाखाचा भाचा अमोल पुण्याला असतो, तोच आता तिचा वारस. हात धुताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, ते नागपूरचे साहेब गाडी घेऊन जायला तयार आहेत. मूळ रबर बसवून पुन्हा ओरिजिनल करतील, संस्थेच्या हॉलमध्ये ठेवतील. आत्याचं नावही लावतील. मी हो म्हटलंय." त्याला वाटलं होतं मला बरं वाटेल.

म्हणजे तिने आयुष्यात केलेलं एकच काम, जे तिला वडिलांच्या गाडीइतकंच आपलं वाटत होतं, ते सोडवून भंगारात टाकायचं, आणि जागेवर तेच रबर, जे आपल्या उन्हात मरतं. मग ती गाडी कधीच चालणार नाही, काचेआड उभी राहील, आणि शेजारी पाटी, त्यावर तिचं नाव. लोक येतील, पाटी वाचतील आणि म्हणतील, हीच ती, जिने जुगाड केला आणि मेली. मी अमोलला म्हटलं, मला थोडे दिवस दे. त्याने सुट्टी वाढवली.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने निघाले आणि त्या तलावापाशी उतरले. शेतात धान कापत असलेल्या बाया होत्या. मी काही विचारायच्या आत त्यांतली एक विळा बांधावर ठेवून जवळ आली. "त्या गाडीवाल्या बाईची कोन वो तुमी?" मी म्हटलं, मैत्रीण. ती म्हणाली, "मीच पाणी देलं तिले." मी पाळीवरच, तलावाच्या मातीच्या बांधावर, बसले. मग तिने सांगितलं. गाडी हळूच कडेला आली, नीट उभी राहिली. बाई उतरली. "आमी समजलो फोटो काढाले आली असन, लोक येतेत ना तलावावर. तं तिनं बांधावरचा गोटा उचलला, मागच्या चाकाले लावला, अन् इकडे आली. म्हणे, पाणी आहे का वो? म्या गडवा देला. चेहरा पुरा घामानं भरला होता. म्या इचारलं, गाडी बिघडली का बाई? तं हासली. म्हणे, गाडी ठणठणीत हाय, मीच बिघडली. अन् या पाळीवर टेकून बसली... मंग उठलीच नाही."

मी तिथे किती वेळ बसले मला माहीत नाही. पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावलं त्या बाईला, आणि तिनेही न कंटाळता सांगितलं. चाकाला गोटा लावून, गाडी गिअरमध्ये ठेवून उतरणं ही आपल्याकडच्या प्रत्येक चालकाची सवय, हँडब्रेकवर इथे कुणाचाच भरवसा नाही. छातीत कळ येत असताना विशाखाने तेही केलं. जॉइंट तुटून भरकटलेल्या गाडीतला माणूस गोटा शोधत फिरतो का?

मग जॉइंट फुटला कधी? त्याचं उत्तर मोहाडीच्या बाजूला सापडलं. गाडी ठाण्यापर्यंत ओढून नेणारा क्रेनवाला चहाच्या टपरीवर बसलेला होता. लपवाछपवी अजिबात केली नाही त्याने. "बाई, साऱ्याच गाड्या पुढून उचलतो मी. आता साऱ्याच गाड्यांचे पुढचेच चाकं ओढतेत ना. ही मागून चालते, मले का माहीत? गिअरमध्ये होती, किल्ली कुठं होती कोणाले माहीत. पुढून उचलली अन् नेली. मांगून रबराचा धूर निघाला तवा थांबलो, तं दांडी लोंबून राहिली होती." गिअरमध्ये अडकलेली चाकं डांबरावरून, खड्ड्यांवरून फरफटत नेली, तेव्हा कुठे तो जॉइंट फुटला. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण त्याने पुढे सांगितलं की ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याने आपला दुपट्टा तिच्या तोंडावर घातला होता आणि उन्हात उभा राहिला होता. अशा माणसावर कसं ओरडणार? त्याने चूक केली, पण त्याने तिला आधी माणूस म्हणून पाहिलं होतं. ज्यांनी फोटो पाहून निकाल दिला त्यांच्यासाठी माझा राग जपून ठेवला.

दोन दिवसांनी मी अमोलला त्याच पाळीवर नेलं. त्या बाईने पुन्हा सगळं सांगितलं. "गाडी ठणठणीत हाय, मीच बिघडली" या वाक्याला अमोल मोठ्याने हसला, अगदी आत्यासारखा, आणि हसता हसता त्याचा चेहरा विस्कटला. त्या बाईने त्याला जवळ घेतलं, ओळख ना पाळख. परतीच्या वाटेवर त्याने सचिवांना फोन लावला आणि गाडी देणार नाही म्हणून सांगितलं. पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. मी नंतर त्यांना सगळी हकीकत कळवली, बाईचं नाव, क्रेनवाल्याचं म्हणणं. त्यांचं उत्तर आलं: 'आपल्या भावना समजू शकतो.' भावना! मी त्यांना गिअर सांगत होते आणि ते मला भावना सांगत होते. त्यांच्या पत्रिकेत तिच्यावर जे छापलं, त्यात अजूनही 'अप्रमाणित भागामुळे' हे शब्द आहेत. ते दुरुस्त करायला त्यांना सवड नाही, म्हणून हा लेख.

नवा जॉइंट प्रकाशने आणला, भंडाऱ्याच्याच दुकानातून, एटहंड्रेडचाच. तिचे जुने विद्यार्थी शेडमध्ये जमले, आता केस पिकलेले, पोट सुटलेले. कुणी चाक काढलं, कुणी दांडी धरली, कुणी बुटात ग्रीस भरलं, आणि सगळ्यांनी मिळून एकमेकांना तिच्यासारख्या शिव्या दिल्या. इंजिन सुरू झालं. पहिली फेरी अमोलने मारायची असं ठरलं. तो आत बसला आणि मला दिसलं की त्याचे गुडघे स्टिअरिंगला भिडलेत, कपाळ पुढच्या काचेच्या चौकटीला लागलंय. विशाखा बुटकी होती, तिची सीट अगदी पुढे असायची. मी म्हटलं, "अरे, मागे घे ना सीट." तो म्हणाला, "नको मावशी. आत्याने ठेवली तिथेच राहू दे." कुणीतरी डोळे पुसले. आणि त्याच क्षणी मला इतका राग आला, जितका त्या सचिवांचाही आला नव्हता.

"काहून रे?" मी जवळजवळ ओरडलेच. "तू पण हॉलमध्येच ठेवणार का तिला? ती असती तर तिने तुझ्या पाठीत पाना घातला असता. तिला बसत नव्हतं ते तिने बदललं. तुला बसत नाही ते तू बदल. ऊठ!" तो उठला नाही, म्हणून मीच वाकले आणि सीटखालची दांडी ओढली. ती घट्ट होती, इतकी वर्षं कुणी हलवलीच नव्हती. प्रकाश पलीकडून आला, आम्ही दोघांनी जोर लावला आणि सीट खडखडत मागे सरकली. अमोलने पाय लांब केले. गाडी निघाली, जराही हिसका न देता, गल्लीच्या टोकाला वळली, आणि आम्ही ती परत येईपर्यंत तिथेच उभे राहिलो.

त्यानंतर प्रकाशने चालवली, त्याने सीट पुन्हा थोडी पुढे घेतली. मग बाकीच्यांनी एकेक करून, ज्याने त्याने आपल्या मापाने. आता अमोल सुट्टीला येतो तेव्हा फिरवतो, तो नसला की प्रकाश घेऊन जातो, आणि दर आठवड्याला कुणी ना कुणी ती दांडी ओढतंच. विशाखाची सीट नेमकी कुठल्या खाचेत असायची, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.